मोहाच्या झाडावरचा फोन

काकाला फोन घ्यायचा ठरला तेव्हा मी आधी यादी केली. माझा स्वभावच तसा. चार भाज्या आणायच्या असल्या तरी मी यादी करते आणि ती घरी विसरून बाजारात जाते. ही मात्र विसरले नाही. मोठी बटणं, मोठे आकडे, टॉर्च, रेडिओ, आणि एकदा चार्ज केला की आठवडाभर बघायला नको अशी बॅटरी.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. तलासरी तालुक्यात, उधव्याच्या पुढे आमचा पाडा आहे. तिथं तो एकटा राहायचा, भात आणि नागली पिकवायचा. मी डहाणूला शाळेत शिकवायचे. लहानपणी ओढ्याला पाणी आलं की मला खांद्यावर बसवून पलीकडे शाळेत पोचवणारा हा माणूस. पण मास्तरीण झाल्यापासून मीच त्याच्यावर डाफरायचे आणि तो ऐकून घ्यायचा. म्हणजे ऐकल्यासारखं करायचा.

फोन हवा होता तो त्याच्या डोळ्यांसाठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. दोन हजार पंधराच्या दिवाळीच्या सुमारास त्यानं शेजारच्या शेतातल्या बुजगावण्याला राम राम घातला, आणि ते बोललं नाही म्हणून दोन दिवस शेजाऱ्यावर रुसून बसला. सगळे हसले, मीही हसले. मग एका सकाळी तो उधव्याच्या रस्त्यावर ट्रकच्या पुढ्यात गेला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचला. त्यानंतर हसू आलं नाही.

मी त्याला तलासरीला डोळ्यांच्या शिबिरात नेलं. तिथल्या बाईंनी तपासणीनंतर त्याचं नाव ऑपरेशनच्या यादीत घातलं. नंबर लागला की फोन करू, म्हणाल्या. दोनदा करू, उचलला नाही तर पुढचं नाव. मी माझा नंबर सांगायला लागले तर त्यांनी पेन खाली ठेवलं. "पेशंटचाच पाहिजे. मागच्या वेळी मुलांचे नंबर घेतले, आणि कळवायचं मुलंच विसरली." काकाकडे फोन नव्हता, तेव्हा नंबर आठ दिवसांत आणून द्यायचं ठरलं. पेरणीच्या आधी त्याचा एक तरी डोळा उघडायला हवा होता. त्यासाठी एक फोन हवा होता आणि तो उचलायला काका हवा होता. एवढंच काम.

डहाणूच्या दुकानदारानं माझी यादी वाचली आणि कपाटातून एक खोकं काढलं. "बेन, घरडां माणस माटे आ ज लई जाव." म्हाताऱ्या माणसाला हाच न्या, म्हणाला. आकडे एवढे मोठे की एका बटणावर अंगठा ठेवला तरी आकडा दिसत राहायचा. पाठीमागे एक लाल बटण होतं. संकटात ते दाबायचं, की भोंगा वाजतो आणि भरून ठेवलेल्या नंबरावर आपोआप फोन जातो. हे माझ्या यादीत नव्हतं. मी ते दुकानातच यादीत लिहिलं आणि त्यावर बरोबरची खूण केली.

फोन काकाला दिला आणि नंबर शिबिरात कळवला. चौथ्या दिवशी पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत असताना माझा फोन वाजला. कानाला लावला तर भोंगा, आणि भोंग्यामागे काकाचं ओरडणं. मी खडू टाकून निघाले. डहाणूहून चारोटी, चारोटीहून तलासरी, तिथून उधवा, तीन गाड्या बदलल्या आणि तीनही गाड्यांत देवाला काहीबाही कबूल करत गेले. काका वालाच्या शेतात मचाणावर बसून बिडी ओढत होता.

"झाड भरून माकडं होती," तो म्हणाला. "एकसुद्धा ऱ्हायलं नाय. लई भारी फोन आनलास."

मी त्याला संकट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकलं आणि विचारलं, "वाल खाल्ले तर खायचं काय मग?" पुढच्या आठवड्यात माझ्यावर तीनदा संकट कोसळलं. वर्गातली मुलं फोन वाजला की "बाई, माकडं" म्हणायला लागली. मग माकडांनाच त्या भोंग्याची सवय झाली. एक मोठं माकड तर, काका म्हणाला, जवळ येऊन ऐकत बसायचं. मी रागारागानं तो फोन परत आणला, सिमकार्ड काढून काकाच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, आता तूच निवड.

तलासरीच्या बाजारात त्यानं निवडला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं एकही फोन हातात घेऊन पाहिला नाही. बटणं बघितली नाहीत, आकडे बघितले नाहीत. दुकानदाराला सांगितलं, एकेक वाजव. आणि आपण रस्ता ओलांडून पलीकडच्या भजीच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

"काका, कानाला लावून ऐका ना," दुकानदार ओरडला.

"कानाजवळ तर डासपन ऐकू येतो," काका तिकडून ओरडला. "तू वाजव."

सात-आठ फोन वाजले. काका प्रत्येक वेळी हात हलवून नाही म्हणायचा. भजीवाला त्याच्या बाजूनं पंच झाला. शेवटी दुकानदारानं खालच्या खणातून कसल्याशा नावाचा एक जाडजूड फोन काढला. तो वाजला तेव्हा काउंटरवरच्या काचेनं सूर धरला आणि रस्त्यावरचा एक बैल थांबला. काकानं दोन्ही हात वर केले. एवढा आवाज कशाला, कान तर ठणठणीत आहेत, हे मी परतताना दहा वेळा विचारलं. "लागतो," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर मी काकाला फोन करायला लागले, आणि काका सोडून सगळ्या पाड्याशी बोलायला लागले. एकदा कोणीतरी गुरं घेऊन चाललेला माणूस. एकदा पाण्याला निघालेली बाई. "काका नाय, पन बरा हाय. सकाळी आंबील प्यायला. तुमच्या शेळीला दोन पिल्लं झाली." बातम्या चोख मिळायच्या. काका मिळायचा नाही. तो हरवून बसलाय की कोणी चोरलाय, फोन म्हणते मी, ते बघायला मी एका रविवारी थेट पाड्यावर गेले.

काकाच्या वालाच्या शेताच्या बांधावर मोहाचं मोठं झाड आहे. त्याच्या फांदीला शिंकाळ्यात एक ॲल्युमिनियमचं पातेलं टांगलं होतं, आणि पातेल्यात पाड्यातले पाच फोन होते. सगळ्या पाड्यात रेंज यायची ती तेवढ्याच जागेला, तीही गुजरातच्या टॉवरची. घरी फोन कधीच लागत नव्हता आणि वालाच्या शेतातून भोंगा मात्र बरोबर माझ्यापर्यंत पोचत होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मास्तरीण आहे, पण प्रत्येक गोष्ट मला वेळेवर कळतेच असं नाही.

"जिथं लागतो तिथंच ठेवायचा ना," काका म्हणाला. "घरात ठेवून काय त्याची पूजा करू?" पातेल्यात ठेवला की आवाज ओढ्यापर्यंत जातो, हेही त्यानं कौतुकानं सांगितलं. म्हणूनच त्याला तसला फोन हवा होता.

"आणि शिबिराचा फोन दुसऱ्या कुणी उचलला तर?"

"सांगंल की मला. वाजत ठेवू नये. बरं दिसत नाय." झाडाखालून जो जाईल त्यानं उचलायचा आणि निरोप पोचवायचा, असा पाड्याचा कायदा होता, आणि तो मोडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मी बजावून आले, की शिबिराचा फोन तूच घ्यायचास. तो हो म्हणाला. मला त्याचं हो चांगलं माहीत होतं.

उन्हाळा आला. मे महिन्यात काळजीनं मीच शिबिराच्या बाईंना फोन केला.

"कळवलं की परवाच," त्या म्हणाल्या. "बुधवारी सकाळी, उपाशी पोटी. सगळ्याला हां हां म्हणाले. आवाज फार बारीक आहे हो तुमच्या काकांचा."

काकाचा आवाज दोन शेतं ओलांडतो. मी दुपारच्या गाडीनं निघाले.

काकाच्या घराला लागून एका म्हातारीचं घर आहे. ती त्याच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेली, आणि आता काहीच न दिसणारी. काठीनं बांध चाचपत सरपणाला जायची, मोहाच्या झाडाखालून. मी अंगणात पाय ठेवला तेव्हा तिचं धुतलेलं लुगडं दोरीवर वाळत होतं.

"मास्तरीन आली काय?" चपलेच्या आवाजावरून तिनं ओळखलं. "मला फोन आला. बुधवारी माझं डोळं करनार."

मी काकाकडे पाहिलं. तो ओट्यावर दोर वळत बसला होता. "हां, तिला आला," तो म्हणाला.

मी त्याला हाताला धरून गोठ्यामागे नेलं आणि आवाज दाबून जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले. यादीत नाव तुझं आहे. सहा महिने थांबलास तू. पेरणी तोंडावर आहे. पुढचा नंबर कधी लागेल ठाऊक नाही, आणि पावसात ओढ्यात गेलास तर मी काय करू?

"फोन माझा हाय," काका म्हणाला. "बोलावनं तिला आलं."

"तिला नाही आलं. तिनं उचललं."

"तेच ते. सगळ्या पाड्याला सांगितलं तिनं. लुगडं धुतलं. आता मी जाऊन सांगू, हे तुझं नाय म्हनून?"

"तू नको सांगू. मी सांगते."

"सांग," तो म्हणाला, आणि परत दोर वळायला लागला.

मी पुढच्या अंगणात गेले. म्हातारीनं माझ्या दिशेला तोंड वळवलं. "उपाशी या म्हनाले. पानी चालंल काय गं?"

"थोडं चालेल," मी म्हटलं.

मला रडू आलं ते तिच्यासाठी नाही, खोटं कशाला सांगू. काकासाठी आलं, आणि थोडं माझ्या स्वतःच्या लाजेनं. हिवाळ्यात मी काकाला तपासायला नेलं तेव्हा ही म्हातारी याच अंगणात बसली होती. माझ्या यादीत ती नव्हती.

बुधवारी आम्ही तिघं शिबिरात गेलो. टेबलामागच्या बाईंनी काकाचं नाव पुकारलं आणि समोर लुगड्यातली म्हातारी उभी राहिली. बाईंनी यादी पाहिली, म्हातारीला पाहिलं, पुन्हा यादी पाहिली.

"हे तुम्ही?"

"तो मी," मागून काका म्हणाला. "पन आज ही."

"असं नाही हो चालत."

काय बोलायचं ते मी गाडीत पाठ केलं होतं. गैरसमज झालाय, पेशंट हे आहेत. पण मी टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "काकांचं नाव खाली घ्या, त्या जागी यांचं घाला. आधार कार्ड आणलंय. आधी तपासा, मग ठरवा." बाई वैतागल्या, पण डॉक्टरांना विचारून आल्या. डॉक्टरांनी तिच्यासमोर बोटं धरली. किती बोटं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, कुणाची? तिला लगेच आत घेतलं.

परतताना मी काकाशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, कारण जीपमध्ये बसल्याबरोबर तो माझ्या खांद्यावर झोपला.

त्याचा नंबर पुढे थंडीत लागला, दोन्ही डोळे पाठोपाठ झाले, आणि बुजगावण्यांना राम राम करणं थांबलं. पण मधला पावसाळा त्यानं तसाच काढला. चाचपत पेरणी केली, चाचपत लावणी केली. इकडे डहाणूत पावसाची सर आली की मला ओढा दिसायचा, ट्रक दिसायचा. वर्गात लक्ष लागायचं नाही.

श्रावणातल्या एका दिवशी रात्रभर पाऊस पडून सकाळी थांबला होता. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या व्हरांड्यातून फोन लावला. पावसाळ्यात पातेल्यावर प्लास्टिक बांधलेलं असायचं, ते सोडून फोन काढायला वेळ लागायचा, म्हणून मी वाजू दिला. म्हातारीनं उचलला.

"काका कुठाय?"

"लांब हाय. ओढ्याच्या अंगाला."

"एकटाच? ओढ्याला पाणी किती आहे? त्याला दिसतं का काही, त्याला कशाला जाऊ दिलंत तिकडं?"

"मला दिसतो ना हितून," ती म्हणाली. "पानी खाली हाय. तो बांधावर हाय, सरळ चाललाय. आता थांबला. डोईवरचा प्लास्टिकचा कागद काढला त्यानं, झटकतोय. हाक मारू?"

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुलं वर्गात शिरायला लागली.

"नको मारू," मी म्हटलं. "अजून काय करतोय, ते सांग."