शेवटच्या कडव्यातलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

परभणी जिल्ह्यात कुठल्याही गावच्या जयंतीला जा, माझं ते पाटी-पेन्सिलीचं गाणं वाजतंच. मी स्वतः लिहितो, चाल लावतो, गातो, घरीच रेकॉर्ड करून मोबाईलवर टाकतो. कुठल्या कंपनीचा मिंधा नाही. लोक विचारतात, एवढं सुचतं कसं? मी नुसता हसतो. काय सांगणार?

ते गाणं माझ्या आत्याचं आहे. कौसाआत्या, पेडगावची. शाळेची पायरी कधी चढली नाही, पण कापूस वेचता वेचता गाणी जुळवायची. आमच्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. तिचंही असायचं — ‘कौसा म्हणे’. मी तिथं ‘राजू म्हणे’ केलं. दोन अक्षरांच्या जागी दोन अक्षरं. चाल कुठंच अडखळली नाही. त्या बाईचं नाव दुसरं कुठं लिहिलेलं होतं? — हा प्रश्न मला तेव्हा पडलासुद्धा नाही.

गाणं गाजलं. एका दुपारी मी आत्याकडे गेलो, तर तिच्या सुनेनं कौतुकानं तेच मोबाईलवर लावलं. आत्या मांडी घालून ऐकत होती, सोबत ओठ हलवत होती. एकेक कडवं संपत होतं. उठून जावं? फोन आला म्हणावं? — बसूनच राहिलो. शेवटचं कडवं आलं. तिचे ओठ ‘कौसा’ म्हणाले, मोबाईल ‘राजू’ म्हणाला.

“माझं नाव कुठं गेलं रं, राजू?”

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, “आत्या, जो गातो त्याचंच नाव टाकावं लागतंय. रेकॉर्डिंगचा नियमच हाय तसा.”

“आसंल बाबा. आमाला काय कळतंय त्यातलं?”

तिला ते पटलं. भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला एवढी लाज वाटली नसती.

पुढच्या वेचणीला गेलो, तर तिनं नवं गाणं तयार ठेवलं होतं. कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी तशीच बांधलेली, भर शेतात उभी राहून तिनं म्हणून दाखवलं. शेवटच्या कडव्यात आत्या स्वतःच म्हणाली — ‘राजू म्हणे’.

“नियमात बसवलंय बघ,” ती हसून म्हणाली. “तुला बदलायचा ताप न्हाई.”

तेही मी गायलो.