मुलाचा रकाना

वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत माझ्या दोन खोल्या आहेत आणि त्यातल्या एकीत मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलेली असते. पुण्याच्या एका कंपनीत मी प्रोग्रामर आहे, काम घरूनच चालतं. आई गेल्यापासून मीटिंगमधलं "माझा आवाज येतोय का?" हे एकच वाक्य दिवसभरात मोठ्यानं बोलले, असे कितीतरी दिवस गेले. या बाईला माणसं आवडत नाहीत, असा गल्लीतला समज आहे. तो मी खोडून काढत नाही. त्यामुळे हळदीकुंकवाची बोलावणी टळतात आणि ती टळली म्हणून मग मी घरात बसून चिडते.

त्यामुळेच वर्ध्यातल्या एका छोट्या संस्थेनं "आम्हाला एक प्रोग्राम लिहून द्याल का?" असं विचारलं, तेव्हा मी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. संस्था म्हणजे काही निवृत्त मंडळी. जिल्ह्यातल्या गावांमध्ये एकटी राहणारी म्हातारी माणसं असतात, त्यांना ही मंडळी दर मंगळवारी फोन करतात. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, पडलाबिडलात का, एवढीच चौकशी. फोन उचलला नाही तर गावातल्या कुणालातरी घरी पाठवायचं. फोन करणाऱ्याला समोर त्या माणसाची नोंद दिसायला हवी होती: दुखणी कोणती, मुलगा, मुलगी, भाऊ-बहीण कुठे, शेजाऱ्याचा नंबर काय. ते मी करून दिलं.

त्यांच्यातले सगळ्यांत कामाचे म्हणजे काकाजी. तहसील कचेरीत उभी हयात घालवून निवृत्त झालेले. निवृत्तीचा आदेश यांना मिळाला असला तरी कचेरीला तो मिळालेला नसावा, कारण ती त्यांच्या अंगातून काही गेलेली नाही. पेन खिशात, चष्मा कपाळावर, आणि फोनवर बोलतानाही "सबब" आणि "त्या अनुषंगाने".

एका मंगळवारी सकाळी त्यांचा मला फोन आला. "मॅडम, सगळे म्हातारे गायब झाले."

मला हसू आलं, पण स्क्रीन खरोखरच कोरी होती. झालं होतं ते आमच्या धंद्यात रोज होतं. डेटाबेसमधून आलेली नोंद कोडमध्ये उतरवून घ्यावी लागते. इथं नाव, इथं वय, इथं मुलगा, असे ठरलेले कप्पे असतात. याला आम्ही डीकोड करणं म्हणतो. मुलाच्या कप्प्यात काहीतरी अक्षरं येणारच, असं मी कोडला सांगून ठेवलं होतं; तोवरच्या नोंदींत माहिती नसली तरी निदान एक रेघ असायची. आदल्या दिवशी गिरड गावच्या एका म्हातारीची नवी नोंद आली आणि तिच्या मुलाच्या रकान्यात नल होतं. नल म्हणजे शून्य नाही आणि "नाही" असं उत्तरही नाही. तिथं काय आहे ते अजून कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोडनं ते नल पाहिलं आणि हात वर केले. सगळी यादी एकदम उतरवली जात असल्यामुळे एका रिकाम्या जागेपायी सिंदीपासून समुद्रपूरपर्यंतचे सगळे म्हातारे नाहीसे झाले.

मी कंपनीच्या कामात अडकले होते. संध्याकाळी बघते, म्हणाले. संध्याकाळी बघितलं तर यादी जागच्या जागी. काकाजींनी स्वतःच इलाज केला होता. दुपारभर बसून, नोंदी भरायच्या पानावरून, त्यांनी जिथं जिथं रिकामं किंवा नुसती रेघ होती तिथं तिथं "निरंक" असं टाइप केलं होतं.

ज्यांनी सरकारी कचेरी आतून पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. महिन्याचा अहवाल वर जातो, त्यात एखादा रकाना रिकामा राहिला की अहवाल शेरा मारून परत येतो. म्हणून जिथं सांगण्यासारखं काही नसतं तिथं निरंक लिहायचं. काय आहे ते माहीत नसलं तरी निरंकच. वरच्या साहेबाला भरलेला रकाना हवा असतो, भरलेला आहे की नाही एवढंच तो बघतो. काकाजींचा हात त्यातच तयार झालेला. आणि माझा कोड त्या साहेबाचा सख्खा भाऊ निघाला, त्यानंही निरंक बघून मान डोलावली.

पुढच्या मंगळवारी काकाजींनी गिरडच्या म्हातारीला फोन लावला. नवी नोंद असली की ती एकदा वाचून दाखवायची, बरोबर आहे का विचारायचं, अशी त्यांची पद्धत. मुलाच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी "निरंक" वाचलं.

"म्हंजे काय जी?" म्हातारीनं विचारलं.

"म्हंजे नाई."

"माहा पोरगा नाई म्हंता तुमी?" एवढं म्हणून तिनं फोन ठेवला, आणि त्यानंतर उचललाच नाही. त्या मंगळवारी गावातल्या किराणा दुकानदाराला घरी पाठवलं. म्हातारी धडधाकट होती. ज्या कागदावर माझा पोरगा नाही त्या कागदावर मलाही ठेवू नका, असा तिचा निरोप आला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. मग दुकानदारही कंटाळला.

काकाजी माझ्याकडे आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "एकटी बाई हाय, मॅडम. घर टेकडीच्या अंगाले, आजूबाजूले वस्ती नाई. पडली त कोनाले समजन?"

मी कोड दुरुस्त करायला बसले. मुलाच्या कप्प्यात काही असेल किंवा नसेल, दोन्ही चालेल, असं कोडला सांगणं हे अर्ध्या तासाचं काम. खरी अडचण पुढं होती. आता डेटाबेसमध्ये रिकामं काही उरलंच नव्हतं. ज्याला मुलगा झालाच नाही त्याच्यापुढेही निरंक, आणि ज्याच्या मुलाचं कुणी विचारलंच नाही त्याच्यापुढेही निरंक. कोणतं निरंक खरं, हे कॉम्प्युटर सांगू शकत नाही. ते माणसालाच जाऊन विचारावं लागतं. बाकीच्यांना काकाजी फोन करणार होते. गिरडला जायला मी तयार झाले, कारण शनिवार-रविवार मला दुसरं काहीच नव्हतं.

हिंगणघाटला एसटी बदलून, समुद्रपूरला पुन्हा थांबून गिरडला पोचेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं. गावातल्या दर्ग्याला आलेल्या गाड्यांच्या गर्दीतून बाहेर पडून दुकानदारानं दाखवलेल्या वाटेनं गेले. म्हातारी अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी कोण, कुठून आले ते सांगितलं.

"काऊन आली वं? अजून काई पुसाचं रायलं काय माह्या घरातलं?"

मी माफी मागितली, आणि ते चुकून झालं म्हणाले. तिनं बसायलाही सांगितलं नाही, मीच बसले. तिच्यासमोरच्या ढिगातल्या शेंगा सोलायला घेतल्या. निम्मा ढीग सोलून झाला. मग तीच बोलली. पोरगा सुरतेला कामाला गेलता. आधी फोन यायचे, मग कमी झाले, मग बंद झाले. त्याच्यासोबत गेलेली पोरं परत आली, तीही वेगवेगळं सांगतात. कुणी म्हणतं त्यानं तिकडं लग्न केलं, कुणी म्हणतं पुढं कुठंतरी निघून गेला.

"मेला असं बी कोनी सांगतलं नाई. मंग तुमी कोन नाई म्हनाऱ्या?"

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"लिवू नोको काईच. मले मालूम नाई त तू काय लिवशीन?"

तिनं सोललेले दाणे माझ्यापुढं सरकवले, खा म्हणाली. मग विचारलं, "तुह्ये कोन कोन हाय?"

"कोणी नाही," मी म्हणाले. हे उत्तर माझ्या तोंडात तयारच असतं. बँकेत, दवाखान्यात, नव्या शेजाऱ्यांना, सगळ्यांना ते देते.

"भाऊ-बहीन बी नाई?"

"एक भाऊ आहे."

"कुठी रायते?"

मला माहीत नव्हतं. आईचं सिंदीचं घर विकलं त्या दिवशी तो म्हणाला होता, आता माझं इकडं काय राहिलं. आम्ही भांडलोही नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. मग त्याचा जुना नंबर बंद झाला आणि नवा त्यानं मला दिला नाही. हे एवढं सगळं सांगण्यापेक्षा कोणी नाही म्हणणं सोपं पडतं. म्हातारीला मी फक्त "माहीत नाही" म्हणाले.

"मंग हाय म्हन ना," ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.

निघताना तिनं मला वाटेपर्यंत सोडलं. "फोन लावाले सांग त्या बाबूले. पन माह्या पोराचं बी इचारत जा म्हनावं. गावात कोनी इचारतच नाई. लोकाले वाटते, मले वाईट वाटन."

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. बाहेर कापसाची शेतं होती, आत एक बाई मोबाइलवर कुणाला तरी भाजी काय करायची ते खुलासेवार सांगत होती. मला तिचा अतोनात हेवा वाटला. मला फोन करून भाजीचं विचारणारं कुणी नाही, हे मला रोजच ठाऊक असतं, पण त्या दिवशी ते सोसलं नाही. मी रडले. कंडक्टरनं पाहिलं आणि सुटे पैसे न मागताच पुढं गेला.

रविवारी मी कोडमध्ये शेवटचा बदल केला. नोंदीत नल आलं तर ते नलच ठेवायचं, त्याच्या जागी आपल्या मनानं काही भरायचं नाही, आणि फोन करणाऱ्याच्या स्क्रीनवर तिथं "विचारायचं आहे" एवढंच दाखवायचं. हे नीट चालतं का ते बघायला एक रिकामा रकाना असलेली नोंद हवी होती. म्हणून मी माझंच नाव आणि नंबर टाकला, भावाचा रकाना सोडून दिला. स्क्रीनवर "विचारायचं आहे" उमटलं. काम झालं म्हणून मी कॉम्प्युटर बंद केला.

काकाजींना हे पटलं नाही. "पन मॅडम, हा रकाना पूर्ण कधी होनार?"

"कदाचित होणारच नाही."

"मंग दर मंगळवारी इचारत राहाचं?"

"हो."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पुन्हा कपाळावर ठेवला. मंगळवारी गिरडचा फोन त्यांनी सगळ्यांत आधी लावला. म्हातारीनं उचलला. पोराची खबर काही नव्हती, पण त्याच्याबद्दल ती इतकं बोलली की बाकीच्यांचे फोन दुपारवर गेले. हे सांगताना काकाजी तक्रारीच्या सुरात बोलत होते आणि खूश होते.

त्याच्या पुढच्या मंगळवारी मी जेवायला बसणार तोच मोबाइल वाजला. नंबर संस्थेचा होता.

"नमस्कार. जेवन झालं काय?" काकाजी फोनवाल्या आवाजात म्हणाले.

"काकाजी, मी बोलतेय."

माझी नोंद काढायची राहून गेली होती आणि वाचत वाचत ते माझ्यापर्यंत आले होते. आता ते हसतील आणि ठेवतील, असं मला वाटलं. पण समोर आलेलं प्रकरण अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नाही.

"जेवन झालं काय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"बसतेच आहे."

"गोळ्या?"

"घेत नाही."

"पडल्या-बिडल्या नाई ना?"

"नाही."

ते खाकरले. "भावाची काई खबर?"

गिरडची म्हातारी सोडली तर हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं कुणाला माहीतच नव्हतं, कारण मीच सगळीकडं कोणी नाही असं सांगून ठेवलेलं. मी समोरचं ताट बाजूला सरकवलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "कुठं आहे, कसा आहे, काहीच माहीत नाही."

"बरं," काकाजी म्हणाले. "मंग रिकामंच ठेवतो. पुढच्या मंगळवारी इचारू?"

आई गेल्यापासून घरातली वऱ्हाडी बोली माझ्या तोंडून निघाली नव्हती.

"इचारजा, काकाजी," मी म्हणाले.