मोकळ्या गोलसमोर

शाळा सोडून साताऱ्याहून चांद्याला आलो, तेव्हा हॉकी खेळतो एवढ्यावरच खाणीत हंगामी काम मिळालं. खाणीच्या संघात पुढे खेळणारा एक चाळिशीचा माणूस सामन्याआधी गुडघ्यांना मोहाचं तेल चोळत बसे. एकेकाळी त्याचे गोल गाजले होते, पण त्या वर्षी एकही नव्हता. शेवटच्या सामन्यातही झाला नाही, तर त्याला संघातून काढणार होते.

त्या सामन्यात चेंडू त्याच्या स्टिकवर आला, समोर गोल मोकळा. त्यानं तो माझ्याकडे ढकलला. मी मारला.

“भाऊ, तुम्ही का नाही मारला?”

“गोल झाला नं? मंग डोकं काऊन खाऊन राह्यला? डोयाले गोल आताही दिसते बापू, पाय मांगून येतेत.”

तो संघाबाहेर गेला, त्या गोलावर माझी नोकरी कायम झाली. त्याचे उपकार आहेतच. पाय मागून येतात म्हणाला, पण गोल हातभर अंतरावर होता. तिथं पायांची गरजच नव्हती.