त्या शनिवारची वीज

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही, आणि त्याला तर मी ऑफिसातल्या भांडणांपासून दाढदुखीपर्यंत सगळं सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मामांना ओळखत नव्हता, हेच कारण असेल.

मामा म्हणजे माझे सासरे. कोल्हापूरचे. आयुष्यभर फाउंड्रीत नोकरी केली आणि तरुणपणी आपल्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. मी पुण्याची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे टीव्हीवर चुकून लागणारी गोष्ट. कोल्हापुरात फुटबॉलवरून पेठापेठांत वैर चालतं, सोयरीक जुळवतानाही कुठली तालीम ते विचारतात, हे मला लग्नानंतर कळलं आणि मी पोट धरून हसले होते. मामाही हसले होते. पण थोडं उशिरा.

दोन हजार चौदा-पंधराचा काळ. सासूबाई गेल्या, म्हणून माझा नवरा अभिजित मामांना काही महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापुरात घेऊन आला. आमचा फ्लॅट हौगांगला, अकराव्या मजल्यावर. मामा दिवसभर खिडकीशी बसायचे. अभिजित महिन्यातले निम्मे दिवस परदेश दौऱ्यावर, मी आंग मो किओच्या ऑफिसात. संध्याकाळी दार उघडलं की मामा विचारायचे, ‘आलीस?’ — आणि पुढे दोघांनाही काय बोलावं ते सुचायचं नाही.

मग एकदा बसमधून जाताना त्यांना ते मैदान दिसलं. स्टेडियम म्हणायचं ते आपलं उगाच. एका बाजूला पत्र्याखाली चार ओळी बाकं, बाकी तीन बाजूंना जाळीचं कुंपण. तिथे शनिवारी हौशी संघ खेळायचे — दिवसभर कामं करणारी माणसं, पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेली. तिकीट नाही, गर्दी नाही. मामांनी बसच्या काचेला नाक लावलं आणि म्हणाले, ‘वैदेही, उतरूया की गं.’

उतरलो. आणि पाऊस सुरू झाला.

तो पहिला शनिवार मला अजून सगळाच्या सगळा आठवतो. पाऊस असा, की पलीकडचा गोलपोस्ट दिसेना. तरी खेळ चालूच. मग अचानक भोंगा वाजला, खांबावरचा दिवा लुकलुकायला लागला आणि सगळे खेळाडू मैदान सोडून आमच्या पत्र्याखाली पळत आले. मामांना वाटलं, मारामारी झाली! मी सांगितलं, इथे जवळपास विजेचा धोका असला की भोंगा वाजतो आणि खेळ थांबवावाच लागतो. मामा चकितच झाले. ‘आमच्यात वीज पडंस्तवर खेळत्यात,’ म्हणाले.

त्यांच्या पिशवीत भडंगाचा डबा होता. कोल्हापूरचा माणूस भडंगाशिवाय मॅच बघतो का? त्यांनी डबा उघडून शेजारी निथळत उभ्या असलेल्या गोलकीपरपुढे धरला. तो फैझल. तुआसच्या गोदीत कामाला होता. त्याने आधी ‘मांस नाही ना, अंकल?’ म्हणून विचारून घेतलं, मग मूठभर तोंडात टाकलं, आणि लसणीच्या तिखटाने त्याच्या डोळ्यांतून जे पाणी आलं! दोन्ही संघांनी मिळून डबा फस्त केला. धोका टळल्याचा भोंगा वाजला, खेळ सुरू झाला, आणि मामा उठून उभे राहिले नि फैझलला ओरडले, ‘फुडं! फुडं ये की रे!’ त्याला शब्द कळला नाही, हात कळला. तो पुढे आला आणि त्याने बॉल अडवला.

त्यानंतर आमचे शनिवार तेच झाले. मामा सकाळीच भडंग करायचे. त्यांची जागा ठरलेली, गोलच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर. फैझल आता आपल्या बचावफळीवरच ‘फुडं, फुडं!’ ओरडायचा. आणि येताना बसमध्ये मामा बोलायचे. किती बोलायचे! सासूबाई पदराआड भडंग लपवून मॅचला कशा यायच्या, पेठेतल्या लोकांनी एकदा त्यांना खांद्यावरून कसं नेलं — असं सगळं. खरं सांगू? मला ते आवडायचं. म्हणूनच पुढचं सांगणं जड जातंय.

हंगामातली शेवटची मॅच आली. मामांचं परतीचं विमान त्यानंतर दोनच दिवसांनी होतं. ते पुन्हा येणार नव्हते, विमानाने त्यांचे पाय फार सुजायचे. फैझलने आधीच बजावून ठेवलं होतं, ‘अंकल, लास्ट मॅच, मस्ट कम हां! नो एक्स्क्यूज लाह!’ — इथल्या इंग्रजीत शेवटी लावतात तो ‘लाह’ लावून. माझा नंबरही घेतला होता. मामांनी त्या दिवशी दुप्पट भडंग केलं. इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसले.

आणि पाऊस लागला. फैझलचा मेसेज आला — मॅच होणार, पाऊस असो नसो.

मी थकले होते असं म्हणू का? नव्हते. आजारी होते? नाही. मला फक्त जायचं नव्हतं. ओले बूट, ओला बाक, पुन्हा ती बस — नको वाटलं. एक शनिवार अंगावर चादर ओढून पडावं असं वाटलं. एवढंच. तसं सांगता आलं असतं. ‘मामा, मी बसमध्ये बसवून देते, तुम्ही जाऊन या,’ म्हटलं असतं तर ते आनंदाने गेले असते. पण मग मी कंटाळलेली सून ठरले असते ना! मला जायचंही नव्हतं आणि चांगली सूनही राहायचं होतं.

म्हणून मी फोनकडे बघत म्हणाले, ‘मामा, मॅच रद्द झाली. विजेचा धोका आहे म्हणे.’

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, ‘असूंदे. जिवापरास मॅच मोठी हाय व्हय?’ आणि आत जाऊन शर्ट बदलून आले.

मी चहा केला. चादर राहिलीच, कारण ते खिडकीशी भडंग घेऊन बसले आणि मलाही बस म्हणाले. तेवढ्यात फोन थरथरला. फैझलने फोटो पाठवला होता. मामांचा बाक, आणि त्यावर कागदी रुमालांचा पुडा. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जागा धरायला टेबलावर असाच पुडा ठेवतात. मग ती जागा तुमची, कितीही गर्दी असो, कुणी हात लावत नाही. त्या मैदानावर कसली गर्दी? पन्नास बाकं रिकामी असतील. तरी त्यांनी मामांची जागा धरून ठेवली होती. खाली लिहिलं होतं, ‘अंकलची जागा राखलीय, कुठे आहात?’

मॅच सुरू व्हायची होती. टॅक्सी केली असती तर सुरुवातही चुकली नसती. ‘अहो, होणार आहे म्हणतात!’ एवढं म्हटलं असतं तरी माझं खोटं झाकलं गेलं असतं.

‘कुणाचा गं?’ मामांनी विचारलं.

‘ऑफिसचा,’ मी म्हणाले. आणि फैझलला लिहिलं, अंकलना ताप आहे.

संध्याकाळी त्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून ऐकला. भिजलेली ती सगळी माणसं एका सुरात ओरडत होती, ‘अंकल, फुडं! फुडं!’ मी तो पुसून टाकला. फोटोही. मामांना त्यातलं काहीच कळलं नाही. ते फैझलचा निरोप न घेता गेले.

कोल्हापुरात जाऊन त्यांनी ही गोष्ट पेठभर केली. सिंगापुरात माणसाच्या जिवाला किती जपतात, शेवटची मॅचसुद्धा विजेपायी रद्द करतात! फोनवर मलाच कौतुकाने सांगायचे. मी हो हो म्हणायचे.

तीन वर्षांनी ते गेले. तेराव्याला त्यांच्या तालमीतले एक म्हातारे मित्र माझ्याजवळ येऊन बसले. ‘आमचा गडी लई सांगायचा त्या मॅचचं. खरं हाय व्हय, पोरी?’

मान डोलावून गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, ‘हो काका. फार कडकडत होती त्या दिवशी.’

ते समाधानाने उठून गेले.

त्या दिवशी आमची खिडकी उघडी होती. मामा अंधार पडेपर्यंत तिच्याशी बसून आकाशाकडे बघत होते. एकदाही वीज चमकली नाही, कुठे गडगडलंसुद्धा नाही. नुसता पाऊस होता.