बाबालाल मिस्त्रींचे रविवार

बाबालाल मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की पाणी अर्धंच पीत. उरलेलं अर्धं हलकेच फरशीवर ओतत आणि उकिडवे बसून ते कुठं जातंय ते बघत राहत. आमच्या आष्ट्यातल्या भाड्याच्या खोलीत ते पहिल्यांदा आले, तेव्हा आमचं लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. बायकोनं तांब्या पुढं केला आणि या पाहुण्यानं तिच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पाणी सोडलं. ती माझ्याकडं बघत होती, मी मिस्त्रींकडं, आणि मिस्त्री पाण्याकडं.

"वैनी," ते म्हणाले, "तुमच्या घरचं पाणी मोरीकडं न जाता देवाकडं चाललंय. घरमालकाला सांगा. आन् तवर देव जरा उचलून ठेवा."

मग खांद्यावरच्या टॉवेलानं त्यांनी फरशी स्वतः पुसली आणि चहा मात्र पूर्ण प्यायले.

मी मूळचा फलटणचा. कंपनीत नवा साइट इंजिनिअर म्हणून लागलो होतो. मिस्त्री माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तिथले हेड मिस्त्री. मला 'सायेब' म्हणायचे, पण काम मी त्यांच्याकडूनच शिकलो. कंपनी मोठी नव्हती. लहान पूल, कालव्यावरच्या मोऱ्या, गोदामं, शाळेच्या खोल्या असली सरकारी-खासगी कामं. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणत, त्यांनी एक रीत पाडली होती. महिन्यातले दोन रविवार आसपासच्या गावांसाठी फुकट काम करायचं. सामान आणि मशीन कंपनीचं, माणसं आपखुशीनं यायची, जेवण गाव घालायचं. कुठं शाळेची भिंत, कुठं बसथांब्याची शेड, कुठं मुलांना हात धुवायला नळांची रांग. काम झालं की दादा कोनशिला बसवायचे, फोटो काढायचे. पण मनापासून करायचे, हे मला सांगितलं पाहिजे.

रविवारची सगळी सूत्रं मिस्त्रींकडं. आणि त्यांनी त्या कामाला स्वतःचा एक नियम लावला होता, तसा मी पुन्हा कुठं पाहिला नाही. ते म्हणायचे, "बिलाच्या कामाला तपासणारा येतो. दान दिल्याल्या कामाला कोण येणार? घेणारा तोंड उघडत न्हाई. फुकट मिळालंय, म्हणून गप बसतो. म्हणून हितं तपासणारा आपुनच नेमायचा."

काम सुरू करण्यापूर्वी जमलेल्या गावकऱ्यांना ते विचारायचे, "आजचा सायेब कोण?" लोक हसायचे. सरपंच पुढं यायला लागले तर मिस्त्री हात जोडून म्हणायचे, "तुमी न्हाई आवं. तुमी कार्यक्रमाचं पावणं. जो हे रोज वापरणार, तो सायेब." मग एखादा शिपाई, एखादी म्हातारी, एखादा पेन्शनीत आलेला फौजी पुढं ढकलला जायचा. मिस्त्री त्याच्या हातात भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा आणि वही द्यायचे. सिमेंटच्या पोत्यात हात घालून कसं बघायचं, वीट वाजवून कशी ओळखायची, हे शिकवायचे. काम पटलं नाही तर तोडायला लावायचा अधिकार त्या माणसाला. शेवटी वहीत त्याची सही. एका गावात रिटायर सुभेदारानं आमच्याकडून एकच कोपरा तीनदा पाडून घेतला होता. "फिरसे!" एवढंच म्हणायचा. आमची माणसं दात-ओठ खात होती आणि मिस्त्री खुशीत. "असा सायेब सरकारला मिळाला असता तर?" म्हणाले.

दुसरी सवय म्हणजे, दिलेली वस्तू लोक कशी वापरतात हे बघायची त्यांना अनावर उत्सुकता. एका गावच्या थांब्यावर आम्ही बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं. महिन्यानं कळलं, कुणी आत जातच नाही. दादा म्हणाले, "सवय नसते लोकांना." मिस्त्रींना ते पटेना. सुट्टी टाकून ते समोरच्या चहाच्या गाड्यावर दिवसभर बसले. अकरा चहा प्यायले. संध्याकाळी मला फोन केला, "सायेब, सापडलं! दार पानपट्टीच्या तोंडाला हाय. टोळकं बसल्यालं असतंय. कुठली लेकीबाळी त्यांच्या म्होरनं आत जाईल?" पुढच्या रविवारी त्यांनी दार बुजवून मागच्या बाजूला काढलं. नेमकी जुन्या दाराशेजारी कोनशिला होती. तीही दाराबरोबर मागं गेली, म्हणून दादा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मिस्त्री म्हणाले, "आता बाया वाचतील की नाव. आदी तर कुत्रं बी वाचत नव्हतं."

अशा माणसाचे ते रविवार माझ्यामुळं बंद पडले. हे मी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही.

कडेगावच्या पुढं एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या शाळेला दोन वर्गांच्या खिडक्यांवर छज्जे घालायचे होते. त्या रविवारी मिस्त्री मेहुण्याच्या मातीला मिरजेला गेले होते. काम माझ्याकडं आलं. जाण्यापूर्वी त्यांनी फोनवर बजावलं, "तपासणारा नेमल्याबिगर मशीन चालू करू नका."

मी विचारलं, "आजचा साहेब कोण?" शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या शालनताईंना बायकांनी पुढं ढकललं. चाळिशीची बाई, शिक्षण चौथीपर्यंत. पदर खोचून त्या गंभीरपणे उभ्या राहिल्या. मिस्त्री शिकवायचे तसं मी घाईघाईत शिकवलं. घाई अशी की दुपारी तीनला फलटणला सासुरवाडीचा कार्यक्रम होता. बायको आदल्या दिवशीच पुढं गेली होती.

शालनताईंनी पोत्यात हात घातला आणि मूठ बाहेर काढली. मुठीत लिंबाएवढ्या गठळ्या होत्या.

"सायेब, ह्या फुटंनात की."

मला माहीत होतं. ती पोती पावसाळाभर गोदामात भिंतीला लागून पडलेली होती. दादांनी जुनं आधी संपवा म्हटलं होतं, पण दादांनी पोती उघडून बघितली नव्हती. मी बघितली होती. नवीन सिमेंट विट्याहून मागवलं असतं तर दुपार गेली असती.

मी हसलो. म्हणालो, "ताई, पाणी पडलं की विरघळतात त्या. असंच असतंय."

त्यांनी एकदा गठळीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग गठळी पोत्यात परत टाकली. संध्याकाळी ज्या वहीवर सही व्हायची, ती मी दुपारी एकलाच घेतली. त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर लावून नाव लिहिलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुट्टीत, एक छज्जा खाली आला. शाळा बंद होती, कुणाला लागलं नाही. पण गाव जमलं, दादा आले, मिस्त्री आले, मी आलो. कुणीतरी वहीतलं नाव काढलं आणि हशा पिकला. "शालनकाकीनं पास केल्याला छज्जा!" "भाताची शितं बघावीत बाईनं, सिमेटात कशाला हात घालावा?" शालनताई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी सांगितलेलं खरं आणि आपल्याकडून दुसरंच काही बघायचं राहिलं, असंच त्यांना वाटत होतं. "माजंच चुकलं आसल," एवढं त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी पडलेला तुकडा हातात घेऊन चुरला. मला विचारलं, "सिमेट कसलं हुतं?"

"नेहमीचंच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. गावापुढं म्हणाले, "ताईची चूक न्हाई. रविवारचं काम माजं, जबाबदारी माजी. बिनशिकल्याल्या माणसावर मी वजं टाकलं, त्यो गुन्हा माजा." दादांनी तिथंच सांगितलं की हा तपासणीचा खेळ बंद. पुढं रविवारची कामंही बंद झाली. कंपनी आता शाळांना संगणक देते, थंडीत चादरी वाटते. ते चांगलंच आहे. फक्त घेणाऱ्याला आता कुणी काही विचारत नाही.

माझी बढती त्याच वर्षी झाली. त्या भीतीनं गप्प बसलो असं म्हणायची सोय आहे, पण बढती नक्की झाल्यावरही मी गप्पच होतो. पहिल्या महिन्यात बोललो नाही, मग इतके दिवस का बोलला नाहीस हा प्रश्न वाढत गेला, आणि त्याच्या आडोशाला मी बसलो. मिस्त्री माझ्याशी पूर्वीसारखेच वागत. ते मला कधी टाकून बोलले असते तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी त्यांना फुफ्फुसाचं दुखणं लागलं. आयुष्यभर सिमेंटची धूळ खाल्लेली. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. मी आष्ट्याला भेटायला गेलो तर खाटेवर बसून मशीनचीच चौकशी चालली होती. "हवेतला ऑक्सिजन हे निवडतंय कसं, सायेब? चाळण आसती का आत?" मला ठाऊक असलेलं मी सांगितलं. मग का कुणास ठाऊक, त्याच दमात ते सगळंही सांगितलं. गोदाम, पोती, फलटण, शालनताईंची मूठ.

मी शिव्यांची वाट बघत होतो. मिस्त्री म्हणाले, "गठळ्या केवड्या हुत्या?"

"लिंबाएवढ्या."

"बोटानं फुटत हुत्या?"

"नव्हत्या फुटत."

"आन् ते तिनं सवताहून वळाकलं? तुमी दावायच्या आदी?"

"हो. तिनंच मला दाखवल्या."

ते खाटेवर ताठ झाले. डोळे असे लकाकले की मला वाटलं ताप चढला. त्यांनी आतल्या खोलीतल्या बायकोला हाक मारली. "आगं जैनब, ऐकलंस का! त्या बाईची नजर बरुबर हुती! मी नऊ वर्सं म्हणतोय, अडाणी माणसाला तपासाय लावलं ही माजी अक्कल चुकली. चुकली नव्हती की!" त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर माझ्याकडं बघून ते बदलले. "सायेब, माजं जाऊ दे. मी बाप्या माणूस, चार जागी चांगली कामं केल्याली, माजं नाव तगलं. त्या बाईचं काय? हितं कशापायी बसलाय? उटा."

पुन्हा 'सायेब' म्हणाले नाहीत त्या दिवशी.

मी तसाच गाडी काढून निघालो. शालनताई शाळेच्या स्वयंपाकखोलीत डाळ निवडत होत्या. केस पिकलेले. मी सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी सुपातला एक खडा बाहेर टाकला.

"त्या दिवशी घरी गेल्यावर मालक बी हसलं हुतं," त्या म्हणाल्या. मालक म्हणजे त्यांचे यजमान. "तवापास्नं मी कुटं मत दिलं न्हाई. बचत गटात न्हाई, घरात न्हाई. पोरीचं स्थळ बघाय गेलो तवा मला त्यो पोरगा बरा वाटला नव्हता. म्हणलं, आपल्याला काय कळतंय."

मुलीचं काय झालं हे मी विचारलं नाही. विचारायचा मला अधिकार नव्हता.

"माफ करा म्हणायला आलोय," मी म्हणालो.

"हितं नगं, चुलीम्होरं. तवा गावाम्होरं झालं हुतं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "येत्या ग्रामसभेला या."

दादांना मी आधी सांगितलं. ते म्हणाले, "जुनं उकरून कंपनीचं नाव कशाला?" जाऊ नको असं मात्र म्हणाले नाहीत.

ग्रामसभेत मी उभा राहिलो. लिहून नेलेला कागद वाचायला जमेना, तसंच बोललो. पोती खराब होती, मला माहीत होतं, मिस्त्री तिथं नव्हते, आणि या बाईंनी चूक बरोबर पकडली होती. कुठंतरी मोबाइल वाजला, तो बंद केला गेला. मग मागून एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "मग शालन, तू तवाच का बोलली न्हाईस?"

शालनताई बायकांच्या रांगेतून उठल्या.

"बोलले हुते की, नाना. ऐकणारं कोण हुतं?"

परतताना रस्त्यात गाडी थांबवून मी मिस्त्रींना फोन केला. मी काय बोललो यात त्यांना रस नव्हता. "बाई काय म्हणाली, ते सांगा," एवढंच. मी ते वाक्य सांगितलं. त्यांनी ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं आणि खोकला येईपर्यंत हसले.

त्यानंतर सव्वा महिन्यानं ते गेले. मी मातीला होतो. तीन मुठी माती मीही दिली. मिस्त्रींच्या घरी परतलो तर बायकांत शालनताई बसलेल्या दिसल्या. दोन एसट्या बदलून आल्या होत्या. मिस्त्रींशी त्या आयुष्यात एकदाच बोलल्या होत्या, पडलेल्या छज्ज्यापुढं. जैनबभाभी त्यांना सांगत होत्या, "त्या दिसापास्नं ह्यांनी तुमच्या गावावरनं जायचंच सोडलं हुतं. त्या अंगाला जायाचं झालं तरी पार लांबनं वळसा. आता सरळ जाता येतंय म्हणत हुतं. बरं वाटलं की तुला घिऊन जातो, म्हणालं."

शालनताईंनी त्यांचा हात धरून ठेवला. मी दारातच उभा होतो. आत या, असं मला कुणी म्हणालं नाही आणि मीही गेलो नाही.