मनगटावरचा अंजिराचा डाग

ज्या हातांनी आयुष्यभर आपल्या ताटात गोड वाढले, त्या हातांची चारचौघांत लाज वाटावी, ही कृतघ्नता. आणि ती उमगावी तेव्हा ते हात या जगात नसावेत, ही तिची शिक्षा. पुरंदरच्या पायथ्याशी अंजिराचा मळा राखणारा केरबा ही शिक्षा गेल्या माघापासून भोगतो आहे.

दुपार कलते आहे. चुलीवर पिकल्या अंजिरांचा गर आटतो आहे. सासरी गरोदर असलेल्या शालनला, त्याच्या लेकीला, डोहाळे लागले आहेत ते आईच्या हातच्या या गराचे. आई नाही, म्हणून बाप चुलीपुढे बसला आहे. कालचे पातेले करपले. मळ्यातली ही शेवटची फळे. संध्याकाळी जावई बरणी न्यायला येणार. केरबाच्या हाती उलथने आहे, डोळ्यांवर झापड आहे, आणि गराची रटरट लांबत लांबत सनईसारखी ऐकू येते.

चुलीपलीकडे हिराबाई बसली आहे. त्याची बायको.

"ढवळताय का डुलक्या काढताय?"

"तू कवा आलीस?"

"काल करपल्याचा वास पार तिकडं आला. म्हटलं, बघावं कुणाचा सैपाक चाललाय."

केरबा हसतो. तोच बुडबुडा फुटून गर उडतो आणि तो झटकन हात मागे घेतो.

"हितंच चुकतंय तुमचं, आवो. दाटला की तो उडणारच. हात काढला की बुडाला लागतं."

ती बांगड्या मागे सारते. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे काळे ठिपके.

चुलीच्या जागी बोहले आहे. शालनचे लग्न. अंजिराच्या झाडांखाली व्याह्यांची पंगत बसली आहे, हिराबाई गर वाढते आहे, आणि केरबा तिच्या कानाशी लागून तेव्हाचेच बोलतो आहे, "हात पदराखाली घे. लोक म्हणतील, कसला रोग झालाय."

ते शब्द त्याला गिळायचे आहेत. गिळता येत नाहीत. ती तेव्हासारखाच हातांवर पदर ओढते.

"हिरे, चुकलं माझं."

"लई लागलं व्हतं तवा," ती म्हणते. पदराखालून हात निघतो, त्यात उलथने. "आता पोरीचं तरी बिघडू देऊ नका. उडाला तरी हात काढायचा न्हाई."

मनगटाला चटका बसतो. केरबा जागा होतो. हात काढत नाही.

गर दाट, तांबूस, तकाकणारा उतरतो. बुडाला कुठे लागलेला नाही.

संध्याकाळी बरणी उचलताना जावई विचारतो, "मामा, मनगटाला काय झालं?"

केरबाचा हात बाहीकडे जातो, थांबतो. मग तो बाही कोपरापर्यंत दुमडतो.

"गर उडाला. तुमच्या सासूबाईच्या हातावर असले लई व्हते. लग्नात मीच झाकाय लावले तिला."

जावई मान खाली घालतो. केरबाही.

शालनची कूस सुखरूप उजवो. हिराबाईला जिथे असेल तिथे शांती लाभो. आणि केरबाच्या मनगटावरचा तो डाग इतक्यात न पुसला जावो.