तारेपलीकडची वाट

आमच्याकडे रविवार कधी घरच्यांचा नव्हताच. वाशीमच्या घराची पुढची खोली सकाळपासून पक्षकारांनी भरायची, तेही फुकटच्या. आमचे वकीलसाहेब त्याला समाजकार्य म्हणत. चहा मी करायचे, म्हणून मी त्याला दुसरंच नाव ठेवलं होतं. पण स्मशानाच्या रस्त्याची केस आली तेव्हा मी कुरकुरले नाही. ती माझ्या सासरच्या गावची होती, मेडशीकडची.

तिथल्या आमच्या बौद्ध वस्तीतून स्मशानात जाणारी पायवाट एका शेतकऱ्याच्या वावरातून जाते. माझे सासरेही त्याच वाटेनं गेले. मग त्या शेतकऱ्यानं तारेचं कुंपण घातलं आणि आमच्या माणसांना जायला फक्त नाला उरला. ह्यांनी वहिवाटीचा दावा लावला. सासूबाई तेव्हापासून एकच सांगायच्या, "मले त्या नाल्यातून नोका नेऊ, बाबू." हे दर वेळी शब्द द्यायचे.

श्रावणात त्या गेल्या, तेव्हा केस चालूच होती. अंगणात तिरडी बांधून झाली, त्रिसरण-पंचशील झालं, आणि तो शेतकरी स्वतः दारात आला.

"वकीलसाहेब, बुढीनं माह्या वावरात जलम काढला," तो म्हणाला. "तार सोडली मी. न्या तिकून."

माझ्या जिवात जीव आला. ह्यांनी मात्र हात जोडले आणि नाही म्हटलं. मग भावकीला बाजूला घेऊन समजावलं, की एकदा का त्याच्या परवानगीनं गेलो, तर उद्या तो कोर्टात सांगेल, मी सोडतो म्हणून हे जातात, यांचा हक्क कसला. साऱ्या वस्तीची केस बुडेल.

कायदा मला कळला. राग आजही गेलेला नाही. दारात आई निजलेली असताना ह्यांना कायदा सुचला कसा, हे मी अजून विचारते.

आमच्यात बायाही स्मशानात जातात, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. नाल्याला मांडीइतकं गढूळ पाणी होतं. मधोमध एका खांदेकऱ्याचा पाय गाळात रुतला, तिरडी कलली आणि सासूबाईंवरचं पांढरं कापड पाण्यात बुडालं. हे पुढच्या खांद्याला होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. येताना बघितलं तर तार सोडलेलीच होती.

शेतकऱ्याच्या उलटतपासणीला वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना घेऊन मीही कोर्टात जाऊन बसले. हे विचारत होते आणि तो अडखळत होता. मला वाटलं, जिंकलो. शेवटी ह्यांनी विचारलं, की या वस्तीला स्मशानात जायला दुसरा रस्ता नाही, हे खरं आहे ना?

त्यानं मान खाली घातली. त्याला ते बोलायचं नव्हतं, असं मला अजूनही वाटतं.

"हाय न, साहेब," तो म्हणाला. "तुमी तुमची माय नाल्यातूनच नेली."

न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. ह्यांनी समोरचा कागद उलटला, पुन्हा सरळ केला, आणि आणखी प्रश्न नाहीत म्हणून खाली बसले.

माझ्या शेजारच्या म्हातारीला नीट ऐकू येत नव्हतं, पण साऱ्यांचे चेहरे तिनं पाहिले. माझा पदर ओढून तिनं विचारलं, "मंग मले कुठून नेतीन, बाई?"